आगंतुकाचे तीन फासे

ज्या खेळात पट नसतो, सोंगट्या नसतात आणि कोणी जिंकत वा हरत नाही, त्या खेळाला नियम मात्र पुष्कळ लागतात. चारपाच माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांतले एक जण सूत्रधार होते आणि एका कल्पित जगाचे वर्णन करू लागते. बाकीची माणसे त्या जगातली एकेक पात्रे होऊन बोलतात, भांडतात, प्रवासाला निघतात. जिथे नुसत्या बोलण्याने निकाल लागत नाही तिथे फासे टाकले जातात. कोणते फासे केव्हा टाकावेत आणि पडलेल्या दानाचा अर्थ काय घ्यावा, एवढे सांगण्यासाठी जाडजूड ग्रंथ लिहिले जातात. ‘द्वीपांतर’ नावाच्या अशाच एका खेळाचा ग्रंथ ज्यांनी लिहिला, त्या गृहस्थांना प्रकाशनसंस्थेत सगळे ‘नियमकार’ म्हणत. त्यांचे खरे नाव पगाराच्या कागदावर होते आणि तिथेच ते सुखाने नांदत होते.

द्वीपांतराची पहिली आवृत्ती संस्थेच्या संस्थापकांनी घाईघाईने काढली होती. दुसरी नियमकारांनी केली. तिच्यासाठी त्यांनी आपले तारुण्य खर्ची घातले असे म्हणण्याची पद्धत आहे; पण खर्च झाल्याची हळहळ त्यांना कधी वाटली नव्हती. एखादा शिल्पी जसा मूर्तीच्या पाठीमागची, कोणालाही न दिसणारी बाजूसुद्धा घासून गुळगुळीत करतो, तसे त्यांनी प्रत्येक नियमाचे प्रत्येक टोक घासले होते. वाद उपस्थित व्हावा आणि ग्रंथात उत्तर नसावे, असे क्वचितच घडे.

त्यांची आपत्ती नेमकी इथूनच सुरू झाली.

“काका, आपला सगळ्यात मोठा स्पर्धक कोण, सांगा बरं,” संचालिका एके दिवशी त्यांना आपल्या खोलीत बसवून म्हणाली. ती संस्थापकांची मुलगी. याच कचेरीच्या जमिनीवर बसून ती लहानपणी फासे तोंडात घालत असे, आणि तिच्या गालात बोट घालून ते बाहेर काढण्याचे काम अनेकदा नियमकारांकडे आले होते.

नियमकारांनी दोनतीन संस्थांची नावे घेतली.

“चूक. आपला स्पर्धक हा.” तिने दुसऱ्या आवृत्तीच्या जाड पुठ्ठ्यावर थाप मारली. “ज्याच्या घरी हे आहे, त्याला आपल्याकडून दुसरं काहीच लागत नाही. वाद झाला, उघडलं, उत्तर मिळालं. नवी मोहीम हवी, मागच्या तक्त्यांवर फासे टाकले, मोहीम तयार. तुम्ही असं पोटभर वाढलंत, की माणूस पुन्हा पानावर बसायलाच तयार नाही.”

“हे कौतुक समजू, की आरोपपत्र?”

“दोन्ही. कौतुक तुमच्या मानलेल्या पुतणीकडून, आरोपपत्र संचालिकेकडून.”

दोघेही हसले. मग तिने पुढचे सांगितले आणि हसू आटले. तिसरी आवृत्ती काढायची. आणि ती अशी काढायची, की दुसऱ्या आवृत्तीतले पात्र, मोहीम, तक्ता, काही म्हणजे काही तिच्यात आणता येऊ नये. किरकोळ फेरफार केले तर लोक जुन्याच पुस्तकात पेनाने दुरुस्त्या करून घेतात. दुसऱ्या आवृत्तीच्या सुधारित छपाईच्या वेळी तसेच झाले होते. म्हणून या खेपेला मधे पूल ठेवायचा नाही. जुने पुस्तक पुन्हा छापायचे नाही. दुकानांतली टेबले आणि वाचनालयांतल्या खोल्या, ज्यांचे भाडे संस्था भरते, त्या चालू आवृत्ती खेळणाऱ्या मंडळांनाच द्यायच्या.

“आणि काका, या वेळी थोडी भूक ठेवा. सगळंच एका पुस्तकात घालू नका. समुद्रावरची लढाई पुढच्या पुस्तकात, राज्यकारभार त्याच्या पुढच्या. चौथी आवृत्ती कशासाठी निघेल, ते तिसरी लिहितानाच ठरलेलं असायला हवं.”

“म्हणजे भिंत बांधतानाच तिला तडा कुठे जाणार ते ठरवून ठेवायचं.”

“तुम्ही म्हटलंत की ते फार वाईट वाटतं,” ती म्हणाली. “पण खालच्या मजल्यावर बांधणीखातं आहे, गठ्ठे बांधणारी माणसं आहेत. त्यांच्या हातांना काम मी कुठून आणू? तुम्ही सांगा, मी तसं करते.”

तिचा राग करावा तर तीही तितकीच अडकलेली होती. सोडून जावे, तर करारानुसार ती सगळी बेटे, ते समुद्र, ती पात्रे, अगदी फासे टाकण्याची पद्धतसुद्धा संस्थेची होती. बाहेर पडून बेटावरच्या होडीचीही गोष्ट त्यांना लिहिता आली नसती. आणि ते गेले असते तर बाहेरचा कोणी कंत्राटी लेखक बसवून ते काम झालेच असते. आपल्या मुलावर शस्त्रक्रिया व्हायचीच असेल तर ती परक्या हाताने होऊ नये, अशा विचाराने बाप जसा स्वतः सुरी हातात घेईल, तसे त्यांनी ‘बरं’ म्हटले.

परंतु त्यांची खरी काळजी या सगळ्याची नव्हती. ती ताईची होती.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. भूमापन खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेली, शब्दाला पक्की आणि जिभेला तिखट. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी तिचे मंडळ जमे. ती सूत्रधार, समोर एक दंतवैद्य आणि एक शिवणकाम करणाऱ्या बाई, ज्यांना सगळे टाकेबाई म्हणत. पूर्वी आणखी माणसे होती. कोणी गाव सोडले, कोणी जग. त्यांच्या जागी नवे कोणी आले नाही. उरलेल्या तिघांनी एका ओसाड बंदरापासून सुरुवात करून वर्षानुवर्षे एक नगर उभे केले होते. दंतवैद्यांचे पात्र मूळचे पाकीटमार, ते आता तिथले न्यायाधीश झाले होते. टाकेबाईंचे पात्र जहाजे बांधी. त्यांच्याकडची दुसऱ्या आवृत्तीची एकुलती एक प्रत टाकेबाईंनी दोनदा जाड दोऱ्याने शिवून काढली होती.

मेहुणे गेल्यानंतर ताई आठवडाभर घरात कोणाशी फारशी बोलत नसे. रविवारी मात्र त्या नगरातल्या कोळ्यांच्या, सावकारांच्या, भांडखोर विधवांच्या आवाजात ती दुपारपर्यंत बोले. नियमकारांनी ते एकदा दाराबाहेर उभे राहून ऐकले होते. तिसरी आवृत्ती आली की त्या खोलीत ते नगर चालणार नव्हते. घरी बसावे तर दंतवैद्यांच्या घरी रोगी, टाकेबाईंच्या घरी नातवंडे, आणि ताईच्या घरात मेहुण्यांची रिकामी खुर्ची, जिच्यासमोर तिला मोठ्याने बोलवत नसे. आणि यातले एक अक्षरही त्यांना तिच्याजवळ बोलता येत नव्हते. आवृत्ती जाहीर होईपर्यंत गुप्तता पाळण्याची लेखी हमी त्यांनी दिली होती.

म्हणून त्यांनी एक दार ठेवले.

दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला पाच गुण असत: बल, चापल्य, धैर्य, बुद्धी आणि वाणी. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकून जी बेरीज येई ती त्या गुणाची किंमत. तिसरीत त्यांनी गुण काढूनच टाकले. आता पात्रे व्रते घेत. व्रत पाळले की फासे मिळत, मोडले की जात. जुन्या कागदावरच्या आकड्यांना नव्या ग्रंथात बसायला जागाच उरली नाही. संचालिका खूश झाली. मात्र ग्रंथाच्या शेवटाकडे ‘आगंतुक’ नावाचे एक छोटे प्रकरण होते: एखाद्या बैठकीपुरता पाहुणा आला, तर त्याला झटपट पात्र कसे द्यावे, याविषयी. पाहुण्याने पाच प्रश्नांची उत्तरे द्यावीत. किती ओझे घेऊन आलास? किती वेगाने पळालास? कशाला सामोरा गेलास? काय ओळखलेस? कोणाला कसे समजावलेस? प्रत्येक प्रश्नासाठी तीन फासे टाकावेत, आणि बेरजेसमोर तक्त्यात जे व्रत असेल ते घ्यावे.

वाचणाऱ्याला ती पाहुण्यांची सोय वाटे. परंतु ज्याच्या हातात जुना कागद असेल, त्याने फासे न टाकता आपले पाच आकडे जसेच्या तसे त्या पाच प्रश्नांपुढे लिहिले, तर त्याचे पात्र एक केसही न दुखावता नव्या जगात उतरत असे. तक्ता नियमकारांनी तसाच रचला होता. संचालिकेने ते प्रकरण वाचून ‘नवे गिऱ्हाईक आणायला उत्तम’ असा शेरा मारला. नियमकारांनी मनोमन विचार केला: पुस्तक बाजारात गेले की ताई आज ना उद्या हे ओळखेल, तोवर छपाई होऊन गेलेली असेल.

त्यांचा हिशेब एका ठिकाणी चुकला. छापण्यापूर्वी परीक्षा व्हायची होती, आणि परीक्षेसाठी संचालिकेने ताईचेच मंडळ निवडले.

“सगळ्यात जुनं मंडळ आहे,” ती म्हणाली. “यांना जर पलीकडून काही आणता आलं नाही, तर कोणालाच येणार नाही.”

परीक्षेची एक रीत होती. मंडळासमोर पुस्तक ठेवायचे आणि लेखकाने कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पाहायचे. बोलायचे नाही, मान हलवायची नाही, खोकायचेसुद्धा नाही. पुस्तक विकत घेणाऱ्याच्या घरी लेखक जाऊन बसत नाही, तेव्हा पुस्तकाला स्वतःच बोलता आले पाहिजे. ही रीत संस्थेत ज्यांनी घातली ते नियमकार स्वतःच. एकदा एका होतकरू लेखकाला त्यांनी केवळ भुवया उंचावल्याबद्दल खोलीबाहेर काढले होते, आणि ती परीक्षा रद्द धरली होती.

परीक्षेच्या दुपारी ते त्या खुर्चीवर बसले. शेजारी, एरवी कधी न येणारी संचालिका येऊन बसली.

“छोट्या, तोंडाला कुलूप लावलंस ना?” ताईने चष्मा पुसत विचारले. “जन्मात पहिल्यांदा दोन तास तुझ्याशी बोलतेय आणि तू मधे बोलणार नाहीस. किती बरं वाटतंय!”

दंतवैद्य म्हणाले, “ताई, माझ्याकडचे रोगी असेच. तोंड उघडं असतं पण बोलता येत नाही. मला सवय आहे.”

खेळ सुरू झाला. पहिला तासभर ते जुन्या पात्रांना नव्या नियमांत कोंबायचा प्रयत्न करत राहिले आणि त्यांच्या नाकी नऊ आले. न्यायाधीशांना कोणते व्रत द्यावे? धैर्याचे आकडे कुठे लिहावेत? टाकेबाई पाने उलटून उलटून थकल्या.

“नाही हो बसत,” त्या शेवटी म्हणाल्या. “माप वेगळं आहे. उसवून नवीनच शिवावं लागणार.”

“म्हणजे मला परत पाकिटं मारायला लागणार?” दंतवैद्य म्हणाले. “या वयात?”

कोणी फारसे हसले नाही. ताईने आपला जुन्या आकड्यांचा कागद दुमडून बाजूला ठेवला. संचालिकेने वहीत टीप केली. तिचा चेहरा आनंदी नव्हता. काम पार पडत असलेल्या माणसाचा असतो तसा होता.

ताई शेवटची पाने सहज चाळत होती. चाळता चाळता थांबली.

नियमकारांनी ओळखले. नकाशे काढणारी ती. दोन कागद एकमेकांवर ठेवून रेषा जुळतात का हे पाहण्यात तिचा जन्म गेला होता. तिने दुमडलेला कागद पुन्हा उघडला. बोट एकदा कागदावर, एकदा पुस्तकावर. बाई ग, ओळखलेस ते ठीक, आता मिटून घे, ते मनात म्हणत होते. घरी जा, आणि रविवारी तुझ्या खोलीत उघड. घशात खोकला आला. तो बाहेर पडला असता तर परीक्षा रद्द झाली असती, सगळे उठले असते, बाहेरच्या जिन्यात तिला गाठता आले असते. पण ज्या नियमाखाली त्यांनी दुसऱ्याला उठवले होते तो मोडण्याची त्यांच्या अंगाला सवयच नव्हती. खोकला त्यांनी गिळला.

“अरे!” ताई ओरडली. “ओझं, पळणं, सामोरं जाणं... हे तर आपलेच पाच जण की, वेष पालटून आलेत! तीन फासे! टाकेबाई, तुमचं बल किती?”

“चौदा.”

“चौदाच्या पुढे काय लिहिलंय वाचा.”

“‘उचललेले काम अर्धवट टाकणार नाही,’” टाकेबाईंनी वाचले आणि त्यांचे डोळे भरून आले. “हे तर माझ्या जहाजवालीचंच व्रत आहे हो.”

मग काय विचारता! तिघांनी पोरांसारखा गलका केला. न्यायाधीश आले, जहाजे आली, अख्खे नगर धडधाकट येऊन पोहोचले. परीक्षेच्या शेवटी मत लिहायचे असते. ताईने ते सुवाच्य अक्षरात लिहिले, आणि प्रामाणिक परीक्षकाने जसे सविस्तर लिहावे तसे लिहिले: सुरुवातीला परके वाटले तरी हे पुस्तक उत्तम आहे, कारण जुनी पात्रे आगंतुकाच्या वाटेने सुखरूप येतात. ती वाट आणखी ठळक करावी. कागद संचालिकेच्या हातात देताना ती म्हणाली, “माझा भाऊ आहे म्हणून सांगत नाही हो. ज्यानं हे लिहिलंय त्याला आमच्यासारख्यांची कदर आहे.”

“हो,” संचालिका म्हणाली. “ते दिसलं मला.”

दुसऱ्या दिवशी तिने नियमकारांना बोलावले. खोलीचे दार तिने स्वतः उठून लावून घेतले.

“काका, ते चुकून राहिलंय असं तुम्ही म्हणालात तर मी मान्य करीन.”

नियमकारांनी नकारार्थी मान हलवली.

“ताईंना वाईट वाटेल, कळतं मला. पण त्यांच्यासारखी किती मंडळं असतील? एकानं ओळखलं की आठवड्यात सगळ्यांना कळणार. मग कोण घेणार मोहिमांची नवी पुस्तकं? पाहुण्यांचं प्रकरण काढून टाकू का? बाहेरच्या माणसाकडून करून घेते. तुम्हाला हात लावायला नको.”

“त्या प्रकरणावर आधीची तीन प्रकरणं उभी आहेत,” नियमकार म्हणाले. “नुसतं काढलं तर सगळं खाली येईल.”

“मग?”

आपणच वाकून आपल्या हातांभोवतीची गाठ आवळतो आहोत हे त्यांना कळत होते. “मी करतो,” ते म्हणाले.

त्यांनी तीन फाशांचे दोन केले. तेवढ्याने भागले नसते, हुशार माणसाने प्रमाण काढून आकडे बसवले असते. म्हणून पाच प्रश्नांचे तीन केले आणि तक्ता नव्याने रचला. आता जुना कागद त्या तक्त्यासमोर कसाही धरला तरी काही जुळत नव्हते. काम तासाभराचे होते. ते करताना त्यांना एक अंधूक आशा होती, की यामुळे प्रकरण बिघडेल, पाहुण्यांचे पात्र पांगळे होईल, परीक्षेत ते उघडे पडेल, आणि झक मारत पहिली रचना परत आणावी लागेल.

दुसऱ्या एका मंडळासमोर परीक्षा झाली. कोणाची तरी आत्या सोबत आली होती, तिने असला खेळ आयुष्यात पाहिलेला नव्हता. तिला आगंतुक केले. चहा निवायच्या आत ती पात्र घेऊन खेळू लागली आणि उठायला तयार होईना. कोपऱ्यात बसलेल्या नियमकारांना दिसले, की प्रकरण सुधारले होते. पाच प्रश्नांचा लांबलचक फापटपसारा होता. तीनच पुरेसे होते. दार ठेवायच्या मोहाने त्यांनी आपलेच लिखाण जड करून ठेवले होते. आपण एक चांगली वस्तू नासवली, एवढे सांत्वनसुद्धा त्यांच्या वाट्याला आले नाही.

पुस्तक छापून आले तेव्हा पहिली प्रत घेऊन ते स्वतः ताईकडे गेले. आता ते लपवून ठेवता येणारे नव्हते. तिने भाजी चिरणे थांबवून हात पुसले आणि शेवटचे प्रकरण उघडले. तिचे बोट तक्त्यावरून खाली सरकत गेले.

“छोट्या, तीनाचे दोन कुणी केले?”

“मी.”

“मग आमचं नगर?”

त्यांनी चिरलेली भाजी ताटात गोळा करायला घेतली.

“मी लिहून दिलं होतं ना, वाट ठळक करा म्हणून.” ती त्यांच्याकडे पाहू लागली. एखादी रेषा सरकलेली असल्याचा संशय आला की ती नकाशाकडे अशीच पाहत असे. “मी लिहिलं म्हणून तर नाही ना काढली?”

खरे उत्तर जिभेवर होते. ते दिले असते तर ती संचालिकेच्या कचेरीत जाऊन भांडली असती, काही निष्पन्न झाले नसते, आणि रविवारच्या प्रत्येक सकाळी तिला आठवले असते, की आपल्याच सुवाच्य अक्षराने आपण आपले नगर बुडवले.

“नाही ग,” ते म्हणाले. “मूळचीच चूक होती. पाहुण्याला फार जड पडत होतं. तुमच्या परीक्षेनंतर लक्षात आलं. दुरुस्त केलं.”

“चूक होती?”

“हो.”

तिने ते प्रकरण पुन्हा वाचले, या वेळी सावकाश.

“चांगलं झालंय,” ती शेवटी म्हणाली. कामाच्या बाबतीत तिला खोटे बोलता येत नसे. “पहिल्यापेक्षा चांगलं आहे. मग इलाज नाही.” आणि पुस्तक मिटत, “पण हे मी नाही त्या दोघांना सांगणार. तू येऊन सांग. चूक होती म्हणून सांग. तू म्हणालास की त्यांना पटेल.”

रविवारी सकाळी ते वाचनालयाचा जिना चढले. दंतवैद्यांनी उठून खुर्ची दिली, टाकेबाईंनी पाणी दिले, आणि ग्रंथकर्ता प्रत्यक्ष आपल्या टेबलापाशी आल्याच्या आनंदात त्यांचे बोलणे दोघांनी इतक्या आदराने ऐकून घेतले, की प्रत्येक वाक्यागणिक ते खोटे अधिक खरे होत गेले.

“चूक वेळेवर सापडली हे बरं झालं,” दंतवैद्य म्हणाले. “आम्ही आपले भोळेपणानं टाळ्या वाजवत होतो. आता मला पाकिटं मारू द्या. खरं सांगू, न्यायाधीश होऊन कंटाळाच आला होता.”

ते टाकेबाईंच्या समाधानासाठी बोलत होते हे उघड होते. टाकेबाई हसल्याही. त्यांनी नव्या ग्रंथातला घडीचा नकाशा टेबलावर पसरला, कारण सुरुवात कुठून करायची ते ठरवायचे होते. नवे जग पुढच्या काळातले होते, किनारे बदलले होते. तेही योजनेतच होते, आणि तो नकाशाही नियमकारांनीच मंजूर केला होता. टाकेबाईंचे बोट ओळखीच्या खाडीपासून निघाले, भूशिराला वळसा घालून खाली आले आणि निळ्या रंगावर थांबले.

“इथे आपलं बंदर असायला हवं,” त्या म्हणाल्या. “नाही का हो?”

तिघांनीही नियमकारांकडे पाहिले.

“तिथे आता समुद्र आहे,” ते म्हणाले.

“बरं,” ताई म्हणाली. तिने फासे पुढे सरकवले. “मग तूच सांग, कुठून सुरुवात करायची. आणि नुसता बसू नकोस. आम्ही तिघंच आहोत, चौथा तू हो, पात्र घे.”

नियमकारांनी उत्तरेकडच्या एका बेटावर बोट ठेवले. तिथे गोडे पाणी होते, जहाजे लागायला चांगली जागा होती, आणि पुढच्या पुस्तकाशिवाय तिथून कुठेच जाता येत नव्हते. दंतवैद्यांनी कागद घेतले. ताईने पहिले व्रत कोणते, म्हणून एकेकाला विचारायला सुरुवात केली. टाकेबाईंनी दुसऱ्या हाताने पेन्सिल उचलली; पहिल्या हाताचे बोट अजून निळ्या रंगावरच होते.